बारा व्होल्टचा गारवा

ऑस्ट्रेलियात येऊन चारेक वर्षं झाली की मराठी माणसात तीन बदल होतात, असं माझं निरीक्षण आहे. एक, तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी "नो वरीज" म्हणायला लागतो. दोन, बार्बेक्यूवर पनीर भाजण्यात स्वतःला तज्ज्ञ समजायला लागतो. आणि तीन, एक सेकंडहँड फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेतो. तिसरा बदल सगळ्यात महागडा. कारण गाडीनंतर टायर, मग छतावरचा तंबू, मग आणखी काही, अशी ती यादी मारुतीच्या शेपटीसारखी वाढत जाते आणि तिच्या टोकाला एक प्रश्न असतो: "फ्रिज कुठला घेणार?"

इकडे हा प्रश्न फार गंभीरपणे विचारतात. कोल्हापुरात "मिसळ कुठली?" विचारतात ना, तसा. त्यात पंथ आहेत, कट्टर अनुयायी आहेत, एकमेकांच्या फ्रिजला हसणं आहे. मी राहतो अ‍ॅडलेडला. इथून उत्तरेला तीन-चार तास गाडी हाकली की गावं विरळ होत जातात आणि पुढे नुसतं तांबडं रान सुरू होतं. तिथे पाच-सहा दिवस राहायचं तर खाणंपिणं गार ठेवणारं काहीतरी लागतं, इतकं साधं कारण. बहुतेकांच्या फ्रिजमध्ये मटण, दूध आणि बिअर असते. फ्रिज बंद पडला तर बिअर कोमट होते. दुःख मोठं असतं, पण माणूस त्यातून सावरतो.

माझ्या फ्रिजमध्ये जे ठेवायचं होतं त्याचा मामला जरा वेगळा होता.

आई-बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी येणार होते. आई दहा वर्षं इन्सुलिन घेते. या दहा वर्षांत तिने काय काय नाकारलं याची यादी मी एकदा मनातल्या मनात केली. भजनी मंडळाची काशीयात्रा. मावशीबरोबर कोकण. बाबांच्या बँकेतल्या मित्रमंडळींची केरळची सहल. प्रत्येक वेळी कारण एकच, "माझं ते इंजेक्शनचं लचांड कोण सांभाळणार? लॉजवर फ्रिज असेल, नसेल." बरं, तक्रारीचा सूर अजिबात नाही. "गॅस बंद केलाय ना, बघून येते" म्हणावं इतक्या सहज.

म्हणून मी फोनवर मुद्दाम ऊडनाडाटा ट्रॅकचा विषय काढला. हा मरी नावाच्या गावापासून मार्लापर्यंत जाणारा साधारण ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता. ("मरी? म्हणजे मरीआईचं गाव की काय?" इति आई.) १९८० साली बंद झालेल्या जुन्या घान रेल्वेच्या कडेकडेने तो जातो. त्याही आधी याच वाटेवर उंटांचे तांडे चालायचे. ते उंट आणि उंटवाले कराची बंदरातून, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातून जहाजाने आलेले. सरसकट सगळ्यांना "अफगाण" म्हणायचे, पण त्यांत बलुची, पंजाबी, सिंधीसुद्धा होते. रस्त्यात वस्ती म्हणाल तर विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा, आणि प्रत्येक टप्पा दोनशे किलोमीटरचा. ऊडनाडाटाला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. ऑस्ट्रेलियातला तो उच्चांक एकट्या त्या गावाच्या नावावर तब्बल ६२ वर्षं होता; जानेवारी २०२२ मध्ये ऑन्स्लोने त्याची बरोबरी केली.

हे सगळं ऐकून बाबा फोनवरच खूश. आई थोडं थांबून म्हणाली, "आणि माझं इन्सुलिन?"

"त्याची सोय करतो," मी म्हटलं. आणि फेब्रुवारीतल्या त्या फोननंतर दोन महिने माझे सगळे विकेंड त्या दोन शब्दांत गेले.

सुरुवात मागणीपासून केली पाहिजे, म्हणून आधी इन्सुलिनच्या खोक्यातला तो घडी घातलेला कागद नीट वाचला. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरात असलेलं पेन बाहेर चालतं, पण प्रकारानुसार २५ किंवा ३० अंशांच्या खाली, आणि साधारण चार आठवडेच. आणि ठळक अक्षरांत: गोठू देऊ नका. गोठलं तर टाकून द्या.

खरी गोम पुढे आहे. दूध नासलं तर वास येतो, भाजी खराब झाली तर दिसते. इन्सुलिन काहीच बोलत नाही. उन्हाने निकामी झालेलं किंवा एकदा गोठून पुन्हा वितळलेलं इन्सुलिन पुष्कळदा दिसायला पहिल्यासारखंच असतं. ते टोचल्यावर साखर उतरली नाही की मगच कळणार, आणि तेव्हा आपण औषधाच्या दुकानापासून काहीशे किलोमीटर लांब. सॉफ्टवेअरवाल्या वाचकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. क्रॅश होणारा प्रोग्रॅम परवडला. चुकीची उत्तरं देत हसतमुखाने चालू राहणारा प्रोग्रॅम मात्र रात्री तीन वाजता फोन वाजवतो.

तेव्हा माझ्या दोनच अटी ठरल्या. पहिली, २ ते ८ ही पट्टी सुटता कामा नये, वरूनही नाही आणि खालूनही नाही. दुसरी, सुटलीच तर मला तेव्हाच्या तेव्हा कळलं पाहिजे. सोपी दिसते ना मागणी? तिने निम्मा बाजार बाद केला.

पहिला उमेदवार बर्फपेटी. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं इथे कुठल्याही बर्फपेटीला "एस्की" म्हणतात. बर्फाला कमी लेखू नका. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो, म्हणजे सुमारे ९३ वॉट-तास. पाच किलोच्या पिशवीत साडेचारशेच्या वर वॉट-तासांचा गारवा झाला, आणि वायर नाही, फ्यूज नाही, काही नाही! पण पेटीत बर्फाजवळ शून्य, झाकणाजवळ बारा-पंधरा आणि तुमचे आठ अंश कुठेतरी मध्ये, तेही दर तासाला जागा बदलणार. फ्रीझरमधून नुकताच आलेला बर्फ तर शून्याच्याही खाली असतो, त्याला चिकटलेलं पेन गोठायला वेळ लागत नाही. आणि दोन-तीन दिवसांनी सगळं पाण्यात तरंगणार. बाद.

दुसरा उमेदवार शे-दीडशे डॉलरला मिळणारा, सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचा डबा. यात कॉम्प्रेसर नसतो. ज्यां पेल्तिए या फ्रेंच माणसाने १८३४ साली दाखवलं की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की एक सांधा तापतो आणि दुसरा गार होतो. त्यावर हा डबा चालतो. अडचण अशी की तो बाहेरच्या हवेपेक्षा साधारण वीसेक अंशच खाली जाऊ शकतो. गाडीत ४५ अंश असतील तर आत २५. आणि साध्या मॉडेलला थर्मोस्टॅटही नसतो, म्हणजे पहाटे बाहेर आठ-दहा अंश असताना तोच डबा गोठणबिंदूखाली घसरू शकतो. दुपारी एक अट मोडणार, पहाटे दुसरी. वर चार-पाच अँपिअर वीज अखंड खाणार. बाद.

तिसरा जरा खानदानी, गॅसवरही चालणारा. १९२२ साली स्टॉकहोममधल्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी तो शोधला. आच देऊन गारवा निर्माण करायचा, आत अमोनिया फिरतो, आणि हलणारा भाग एकही नाही. कल्पना इतकी देखणी आहे की मी एक अख्खा शनिवार नुसती तिची आकृती समजून घेण्यात घालवला. पण तो सपाट जागी ठेवावा लागतो, तिरका झाला की आतलं चक्र अडतं. चालत्या गाडीत गॅसची ज्योत ठेवता येत नाही, आणि बारा व्होल्टवर तो बॅटरी अधाशासारखी पितो. कॅरव्हॅनमध्ये ठीक, खडबडीत रस्त्यावरच्या डिकीत नाही. आदरपूर्वक बाद.

उरला कॉम्प्रेसरवाला, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजचाच धाकटा भाऊ, फक्त आडवा आणि वर झाकण असलेला. वर झाकण असण्यात मोठी अक्कल आहे. गार हवा जड असते; उभ्या फ्रिजचं दार उघडलं की ती पायांवर सांडते, पेटीचं झाकण उघडलं तर आतच बसून राहते. या यंत्राचा एक पूर्वज ऑस्ट्रेलियातलाच. मेलबर्नजवळच्या जिलाँग गावात जेम्स हॅरिसन नावाचा वर्तमानपत्राचा संपादक होता. छापखान्यातले खिळे ईथरने पुसताना ते गार पडतात हे त्याच्या लक्षात आलं, असं सांगतात. त्यावरून त्याने १८५० च्या दशकात ईथर दाबून आणि मोकळा सोडून बर्फ करणारं यंत्र उभं केलं. एका संपादकाने केलेली, जगाला खरोखर उपयोगी पडलेली ही गोष्ट म्हणून मला तिचं विशेष कौतुक आहे :)

या फ्रिजमध्ये गायकीसारखी घराणी आहेत. एक घराणं डॅनिश: डॅनफॉसचा छोटा पिस्टन कॉम्प्रेसर, जो २०१० पासून सेकॉप या नावाने येतो आणि अनेक कंपन्यांच्या पेट्यांमध्ये बसवलेला असतो. दुसरं जपानी: एंगल फ्रिजमधला सावाफुजीचा स्विंग कॉम्प्रेसर. यात फिरणारी मोटर नसून पिस्टनच मागे-पुढे झुलतो, हलणारा भाग एकच, त्यामुळे वीस-वीस वर्षं जुने एंगल डिकीत घेऊन फिरणारे म्हातारे इकडे भेटतात. तिसरं नवं, चिनी बनावटीचं, आणि त्यातही चांगलं-वाईट दोन्ही. नावाजलेल्यांची किंमत हजार डॉलरच्या आसपास किंवा वर, स्वस्तातले तीन-चारशेपासून. मी शेवटी कुठला घेतला ते सांगत नाही, मला पंथयुद्धात पडायचं नाही. पण काय पाहून घेतला ते सांगतो.

माप: ४० लिटर. चार माणसांना, त्यांतली दोन शाकाहारी, पुष्कळ झालं. मोठा अर्धा रिकामा फ्रिज म्हणजे नसत्या हवेला गार करत बसणं. कप्पे: एकच. दोन कप्प्यांच्या मॉडेलमध्ये फ्रीझर शेजारी येतो, आणि मला इन्सुलिनच्या शेजारी उणे अठरा अंश नकोच होते. आत टोपली हवी, म्हणजे वस्तू गार भिंतीला चिकटत नाहीत. तापमान एकेक अंशाने ठरवता यायला हवं. आणि बॅटरी उतरली की फ्रिज किती व्होल्टला बंद व्हावा हे निवडायची सोय हवी.

आईला किंमत कळली (बायकोने सांगितली) तेव्हा तिने ताबडतोब रुपयांत गुणाकार केला. "अरे, एवढ्यात आपल्याकडे दोन मोठे फ्रिज येतात! माझ्या चार पेनांसाठी कशाला?" मी म्हटलं, पेनांसाठी नाही गं, बिअरसाठी घेतोय. ती म्हणाली, "बरं." हे "बरं" म्हणजे मला सगळं समजतंय, पण सध्या सोडून देते.

आता विजेचं गणित. फ्रिजच्या दुकानात ते कोणी आपणहून काढत नाही. कॉम्प्रेसर चालू असताना साडेतीन-चार अँपिअर घेतो, पण सतत चालत नाही. बाहेर तीसच्या आसपास तापमान असेल तर ढोबळमानाने एक तृतीयांश वेळ. म्हणजे सरासरी सव्वा अँपिअर, दिवसाला तीस अँपिअर-तास. उन्हात लावलेल्या गाडीत तो अर्धा वेळ चालतो, मग आकडा पन्नासकडे सरकतो. ही वीज गाडीच्या मुख्य बॅटरीतून घेतली तर एका सकाळी फ्रिज मस्त गार असेल आणि गाडी सुरू होणार नाही. दोनशे किलोमीटर रानात!

म्हणून दुसरी बॅटरी. १०० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड जातीची बॅटरी तीसेक किलोची, आणि ती टिकवायची तर निम्मीच वापरायची. म्हणजे हातात पन्नास, कडक उन्हात जेमतेम एक दिवस. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बारा-तेरा किलोची, आणि ऐंशीपर्यंत बिनधास्त वापरता येते. मात्र ती इंजिनाच्या उष्णतेजवळ ठेवायची नाही, आणि शून्याखाली चार्ज करायची नाही. चार्जिंगला मध्ये एक डीसी-डीसी चार्जर, कारण नव्या गाड्यांचे अल्टरनेटर पेट्रोल-डिझेल वाचवायला व्होल्टेज मध्येच पाडतात. २५ अँपिअरचा चार्जर असेल तर दोन तास गाडी चालवली की पन्नास अँपिअर-तास जमा. मुक्काम लांबला तर १२० वॉटची घडीची सोलर पॅनेल. तिच्यावर कागदावर दहा अँपिअर येतात, प्रत्यक्षात चांगल्या उन्हात पाच-सहा धरावेत.

आणि वायर. वायरबद्दल मी एक स्वतंत्र लेख लिहू शकतो, पण तुम्ही पळून जाल, म्हणून थोडक्यात. पुढून डिकीपर्यंत जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. ते दीड चौरस मिलिमीटर जाडीचं असेल तर चार अँपिअरला जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेतच गळतो. बॅटरीत १२.२ आहेत आणि फ्रिजला दिसतात ११.७. तो म्हणतो बॅटरी संपली, आणि बंद पडतो. बॅटरी भरलेली, फ्रिज चांगला, तरी गारवा गायब. सहा चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच गळती ०.१२ व्होल्टवर येते. दुकानात जाताना ध्यानात ठेवा, इथे "सहा मिलिमीटर" म्हणून जी गाडीची वायर विकतात तिचा तो आकडा वरच्या आवरणासकट असतो. आतलं तांबं चार-साडेचार चौरस मिलिमीटरच भरतं. आणि लायटरचं सॉकेट नकोच, खडबडीत रस्त्यावर त्यातली पिन हळूहळू बाहेर येते. घट्ट बसणारा अँडरसन प्लग लावा.

मार्चमध्ये गाडी मुद्दाम उन्हात लावून आठवडाभर चाचणी घेतली. थर्मामीटर पाण्याने भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवून ठेवला, कारण आपल्याला हवेचं नव्हे, आतल्या द्रवाचं तापमान हवंय. फ्रिजच्या स्वतःच्या डिस्प्लेवर विसंबायचं नाही. तो म्हणजे शेवटी स्वतःच भरलेला अप्रेझल फॉर्म! डिस्प्लेवर ४ ठेवले तर तळाशी भिंतीला टेकलेली बाटली शून्याखाली जाऊन आली, मधल्या टोपलीतली ३ ते ६ मध्ये राहिली. सेटिंग ५ केलं, जागा मधल्या टोपलीत पक्की केली, भोवती टॉवेल गुंडाळला. मग प्लग काढला आणि घड्याळ लावलं. फ्रिज रिकामा असताना तासाभरात आठ अंश ओलांडले. पंधरा लिटर गार पाण्याच्या बाटल्या भरून तोच प्रयोग केला तर चार तास लागले. म्हणजे पाण्याच्या बाटल्या ही गारव्याची बॅटरीच की. शेवटी एक बिनतारी थर्मामीटर घेतला. एक टोक इन्सुलिनच्या डब्यात, दुसरं डॅशबोर्डवर, आणि २ च्या खाली किंवा ७ च्या वर गेलं की शिटी. फ्रिजच्या मानाने किंमत किरकोळ.

ऑगस्टमध्ये आई-बाबा आले. मी आईला सगळी व्यवस्था दाखवली, आकड्यांसकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि हे सगळंच बंद पडलं तर?"

खरं सांगतो, मी या प्रश्नाला "आणखी एक बॅटरी" असं उत्तर देणार होतो. ती म्हणाली, "तुझ्या आजीचं इन्सुलिन आम्ही कुठे ठेवायचो आठवतंय?" आठवलं! २००५-०६ चा उन्हाळा, सांगलीत भारनियमन, फ्रिज तासन्‌तास बंद. माठ ज्या ओल्या वाळूवर बसायचा त्या वाळूत एक झाकणाचा डबा पुरलेला असायचा आणि त्यात आजीची बाटली. सकाळ-संध्याकाळ आई वाळूवर तांब्याभर पाणी शिंपायची. म्हणजे आज मी ज्याला बॅकअप म्हणतो तो या बाईने वीस वर्षांपूर्वी सासूसाठी काही वर्षं चालवला होता, ओलं कापड आणि नजर एवढ्यावर.

बरं, तिचं शास्त्र पक्कं आहे. पाण्याची वाफ होताना उष्णता ओढून घेतली जाते, आणि हवा जितकी कोरडी तितकं ते जोरात. सांगलीच्या मे महिन्यात चालतं ते या वाळवंटात कितीतरी जास्त चालेल. इथल्या लोकांनाही हे ठाऊक होतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात कूलगार्डीला १८९२ मध्ये सोनं सापडलं, आणि त्या दशकात तिथे "कूलगार्डी सेफ" निघालं. भोवती गोणपाट, वर पाण्याचा पत्रा, कापडाच्या पट्ट्यांतून पाणी झिरपत राहणार आणि आत लोणी-मांस गार. आपला माठच, फक्त चौकोनी. याने २ ते ८ अंश मिळत नाहीत, हे खरं. पण वापरातलं पेन पंचवीस-तीसच्या खाली ठेवायचं तर पुरे. म्हणून इन्सुलिनची वाटणी केली: अर्धं फ्रिजमध्ये, अर्धं आईच्या पर्समध्ये, वाफेवर गार राहणाऱ्या ओल्या कापडी पिशवीत. सगळी अंडी एका टोपलीत नाहीत. डिझाइन आईचं, मी फक्त पिशवी आणली.

सप्टेंबरअखेर निघालो. दिवसा तीसच्या वर, रात्री स्वेटर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मरी, तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक सुरू. रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा असतात, त्यांवरून गाडी नुसती थरथरत राहते. बाबा पुढे बसून रेल्वेचे जुने पूल मोजत होते. कटी थांडा-लेक एअरचं पांढरंशुभ्र मीठ बघून आई म्हणाली, "केवढं हे वाळवण!"

विल्यम क्रीकच्या अलीकडे साठेक किलोमीटरवर शिटी वाजली. डॅशबोर्डवर ७.१.

गाडी बाजूला घेतली. डिकीत फ्रिजवर तंबूची पिशवी, त्यावर गाद्या. डिस्प्ले काळा. संध्याकाळी मुक्कामाला पोचून सामान उतरवेपर्यंत कोणाला काही कळलं नसतं, आणि रात्री पुन्हा गार झाला असता तर कधीच कळलं नसतं. मी बॅटरीपासून एकेक जोड तपासत गेलो. हात थोडे थरथरत होते, ते रस्त्यामुळे असं मी बायकोला सांगितलं. थरथरीने फ्यूजचा होल्डर चिरून सैल झाला होता. सुटा होल्डर सामानात होता, बदलला, वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात आईने कोणाला न सांगता पर्समधली पिशवी पाण्यात भिजवून घेतली होती आणि ती सावलीला बसून बाबांना डब्यातल्या दशम्या वाढत होती. फ्रिजमधलं आठच्या वर गेलंच नाही. पाण्याच्या बाटल्यांनी धरून ठेवलं.

ऊडनाडाटाला पोचलो तेव्हा बाबांना एक गोष्ट सांगितली. १९११ साली इथे जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नांतून रानातल्या माणसांसाठी छोटं शुश्रूषागृह सुरू झालं. याच फ्लिननी पुढे १९२८ मध्ये उडत्या डॉक्टरांची सेवा सुरू केली. आई ऐकत होती. तिने विचारलं, "तेव्हा इन्सुलिन होतं?" नव्हतं. ते १९२१ मध्ये टोरांटोत सापडलं आणि १९२२ च्या जानेवारीत पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं. "म्हणजे माझ्यासारखीने तेव्हा इथवर यायचा प्रश्नच नव्हता," ती म्हणाली, आणि खुर्ची उलगडून सूर्यास्त बघत बसली. तिथे, त्या रात्री, जेवणाआधी तिने फ्रिजमधलंच नवं पेन काढलं. दोन तासांनी साखर तपासली. आकडा नेहमीचाच आला. इतका कंटाळवाणा आकडा बघून मला इतका आनंद याआधी कधी झाला नव्हता.

तर मंडळी, कोणी विचारलं "फ्रिज कुठला घेऊ?" तर मी आता उलट विचारतो, आत काय ठेवणार? बिअर असेल तर कुठलाही घ्या, मजा करा. औषध असेल तर कमी लिटरचा घ्या आणि वाचलेले पैसे वायर, प्लग आणि वेगळ्या थर्मामीटरवर घाला. आणि निम्मं औषध फ्रिजच्या बाहेर, सावलीत, ओल्या कापडात ठेवा.

नोव्हेंबरात आई-बाबा परत गेले. बॅगा भरताना आईने विचारलं, "आपल्या गाडीतही बाराच व्होल्ट असतात ना रे?" असतात की. पण वीस किलोचा फ्रिज विमानातून न्यायचा म्हणजे चिवडा-लाडवांच्या परतीच्या डब्यांना जागा उरणार नाही, म्हणून तो इथेच राहिला. ती कापडी पिशवी आणि बिनतारी थर्मामीटर मात्र ती घेऊन गेली. शिटीसकट.

गेल्या रविवारी फोनवर मागे टाळ-मृदंगाचा आवाज येत होता. भजनी मंडळ जानेवारीत द्वारकेला निघालंय. आईने नाव दिलंय.